वार्धक्याचा विषय ऐच्छिक ठेवू नका : विद्यापीठांच्या विद्या परिषदांना खुले पत्र

प्रति,
माननीय कुलगुरू, विद्या परिषदेचे सदस्य आणि सर्व अभ्यास मंडळांचे अध्यक्ष यांस,

सविनय नमस्कार.

अभ्यासक्रमांची फेररचना सुरू झाली की प्रत्येक विद्याशाखेत श्रेयांकांची मांडणी नव्याने होते, आणि दर वेळी एका विषयाच्या वाट्याला तेच येते. वार्धक्य आणि सामाजिक धोरण ही अभ्यासपत्रिका समाजकार्य, समाजशास्त्र किंवा परिचर्या विभागाच्या ऐच्छिक विषयांच्या यादीत कुठेतरी शेवटी टाकली जाते. ती घेणारे विद्यार्थी किमान संख्येपेक्षा कमी भरले की त्या वर्षापुरती ती बंद होते, आणि अशी काही वर्षे गेली की शिकवणारी व्यक्ती निवृत्त झाल्यावर ते पदही भरले जात नाही. मी पदव्युत्तर वर्गांना सामाजिक धोरण हा विषय दीर्घकाळ शिकवला आहे आणि आता माझी स्वतःची गणना ज्येष्ठ नागरिकांत होते, त्यामुळे या प्रश्नाकडे मी दोन्ही बाजूंनी पाहू शकते. माझे म्हणणे असे आहे की, वार्धक्य हा विषय कोणत्याही विद्याशाखेत ऐच्छिक राहू नये, आणि त्यावरचे संशोधन ज्यांच्याविषयी आहे त्यांना सोबत घेऊन, धोरणाच्या उपयोगी पडेल अशा रीतीने व्हावे. ही मागणी मी का करते आहे, हे सविस्तर मांडण्याची परवानगी असावी.

जगात साठ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या लोकांची संख्या २०२० मध्ये सुमारे १०० कोटी होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०३० पर्यंत दर सहा माणसांमागे एक जण या वयोगटातला असेल आणि २०५० पर्यंत ही संख्या २१० कोटींवर जाईल. यांतले बहुसंख्य लोक अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहणारे असतील. आपल्या वर्गात आज बसलेला विशीतला विद्यार्थी तेव्हा पंचेचाळिशीच्या आसपास असेल, म्हणजे नेमक्या निर्णय घेण्याच्या वयात. रुग्णालये तो चालवत असेल, इमारतींचे आराखडे तो मंजूर करत असेल, निवृत्तिवेतनाचे हिशेब आणि न्यायालयाचे निवाडे त्याच्या हातून होत असतील. या बदलाचा वेगही लक्षात घेतला पाहिजे. पासष्टीपुढच्या लोकांचे लोकसंख्येतील प्रमाण सात टक्क्यांवरून चौदा टक्क्यांवर जायला फ्रान्सला शंभराहून अधिक वर्षे लागली, तर जपानला पंचवीस वर्षेही पुरली. ज्या समाजांना हा बदल आता अनुभवायचा आहे, त्यांना फ्रान्सइतकी सवड मिळणार नाही. चुका करत, हळूहळू शिकत जाण्याइतका वेळच हाताशी नसेल, तर माणसे आधीच शिकवून तयार करणे एवढा एकच मार्ग उरतो आणि ते काम विद्यापीठांचे आहे.

हा विषय नवा आहे, त्याची ज्ञानशाखा अजून घडायची आहे, असे काही जण म्हणतात. वस्तुस्थिती तशी नाही. वार्धक्याच्या अभ्यासाला स्वतंत्र शास्त्राचे नाव एली मेचनिकोव्ह यांनी १९०३ मध्ये दिले, आणि वृद्धांच्या आजारांवरील उपचारांची शाखा वेगळी मानली पाहिजे हे इग्नाट्झ नॅशर यांनी १९०९ मध्ये मांडले. पण शिक्षण, संशोधन आणि धोरण एकमेकांत कसे गुंतलेले असतात हे दाखवणारे मला सर्वांत मोलाचे वाटणारे उदाहरण ब्रिटिश डॉक्टर मार्जरी वॉरन यांचे आहे. १९३५ मध्ये लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारच्या गरीबखान्यातले सातशेहून अधिक रुग्ण सोपवण्यात आले. त्यांत बहुतेक वृद्ध होते, कित्येक जण वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले होते, आणि त्यांच्यावर काही उपचार होऊ शकतात ही कल्पनाच कोणाच्या मनात नव्हती. वॉरन यांनी एकेका रुग्णाला तपासले, कोणाला नेमके काय झाले आहे याची नोंद केली, त्यांची वर्गवारी केली, वॉर्डात उजेड आणि रंग आणला, रुग्णांना उठवले, चालते केले. अनेक जण अंथरुणावर होते ते केवळ कोणी त्यांना तपासले नव्हते म्हणून, हे त्यातून उघड झाले. अनेकांना घरी पाठवता आले. वैद्यकीय विद्यार्थ्यांना वृद्धांच्या आजारांचे शिक्षण मिळालेच पाहिजे, हा आग्रह त्यांनी पुढे आपल्या लेखांतून धरला, आणि १९४८ मध्ये ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाल्यावर ही शाखा त्या व्यवस्थेत रुजली. त्या वॉर्डातल्या माणसांचे वय बदलले नव्हते, त्यांच्याकडे पाहणाऱ्यांची तयारी तेवढी बदलली होती. ही तयारी करून देणे हेच शिक्षणाचे काम असते असे मी मानते.

आता आपल्या अर्थशास्त्र आणि लोकप्रशासन विभागांकडे वळते. म्हातारपण कोणत्या वर्षी सुरू होते, हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारला तर ते साठ किंवा पासष्ट असे उत्तर देतात आणि पुढे जातात. हे आकडे आले कुठून हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात १८८९ साली वृद्धापकाळाच्या विम्याचा कायदा झाला तेव्हा त्यात सत्तर हे वय धरले होते, ते पासष्टवर आले १९१६ मध्ये. अमेरिकेने १९३५ मध्ये सामाजिक सुरक्षेच्या कायद्यात पासष्ट वय ठरवले ते तेव्हाच्या निवृत्तिवेतन योजना आणि खर्चाचे हिशेब पाहून. म्हणजे जी रेषा आपण निसर्गाने आखली असे धरून चालतो, ती तिजोरीचा विचार करून आखलेली आहे. तशी आखण्यात गैर काही नाही, पण ती तशी आखली आहे हे माहीत नसणे गैर आहे.

याच रेषेवर अवलंबित्व गुणोत्तर उभे आहे. पंधरा ते चौसष्ट वयाचे सगळे कमावते आणि पासष्टीपुढचे सगळे त्यांच्यावर अवलंबून, असे धरून हा आकडा काढला जातो, आणि ‘वृद्धांचा भार’ या मथळ्याखाली अर्थसंकल्पाच्या चर्चांत फिरत राहतो. या हिशेबात बेरोजगार तरुण कमावता ठरतो. सत्तरीत काम करणारी, नातवंडे सांभाळून मुलीला नोकरी करू देणारी किंवा आजारी जोडीदाराची रात्रंदिवस शुश्रूषा करणारी स्त्री मात्र अवलंबित ठरते. वॉरन सँडरसन आणि सर्गेई शर्बोव्ह या लोकसंख्याशास्त्रज्ञांनी वेगळी पद्धत सुचवली : माणूस किती वर्षे जगला यापेक्षा सरासरीने अजून किती वर्षे जगण्याची शक्यता आहे यावरून वार्धक्य मोजावे, उदाहरणार्थ सरासरी पंधरा वर्षे उरतात त्या वयापासून. असे मोजले की वृद्धत्वाचे चित्र बरेच बदलते, आणि धास्ती दाखवणारे आलेख तितके उंच राहत नाहीत. ही पद्धत अंतिम आहे असे माझे म्हणणे नाही. मात्र अर्थशास्त्राच्या पदवीधराने दोन्ही पद्धती शेजारी मांडून पाहिलेल्या असल्या पाहिजेत, कारण तो उद्या ज्या टिपणावर सही करणार आहे त्यावर कोट्यवधी लोकांचे निवृत्तिवेतन अवलंबून असेल.

वृद्धांविषयी आपल्याला काय माहीत आहे यापेक्षा काय विचारलेच गेले नाही, याची मला अधिक चिंता वाटते. जगातल्या शेकडो आरोग्य धोरणांचा आधार असलेली लोकसंख्या आणि आरोग्य सर्वेक्षणे स्त्रियांच्या मुलाखती घेतात त्या मुख्यतः पंधरा ते एकोणपन्नास या वयोगटात. प्रजननाचा अभ्यास हा त्यांचा मूळ हेतू असल्याने ही मर्यादा आली आणि त्या हेतूपुरती ती समजण्यासारखी होती. पण पुढे त्याच सर्वेक्षणांत कौटुंबिक हिंसाचाराचे प्रश्न समाविष्ट झाले आणि वयाची मर्यादा तीच राहिली. परिणाम असा की पन्नाशीपुढच्या स्त्रीला घरात मारहाण होते का, याचे उत्तर अनेक देशांपाशी नाही, कारण तो प्रश्न तिला कधी विचारलाच गेला नाही. शाश्वत विकास उद्दिष्टांत असंसर्गजन्य आजारांचा निर्देशांक आहे, तो तीस ते सत्तर या वयातील मृत्यू मोजतो. सत्तरीनंतर हृदयविकाराने किंवा मधुमेहाने गेलेला माणूस त्या निर्देशांकाच्या बाहेर राहतो आणि ज्या यंत्रणेचे यश या आकड्याने मोजले जाते, तिचे लक्षही साहजिकच तिकडून हटते. घरोघरी होणाऱ्या पाहण्यांत वृद्धाश्रमांत आणि शुश्रूषागृहांत राहणारे लोक बहुधा येत नाहीत. औषधांच्या चाचण्यांत वयाची वरची मर्यादा घालून, किंवा ‘इतर आजार असल्यास अपात्र’ अशा अटी लावून, ती औषधे सर्वाधिक घेणारे लोकच वगळले जातात. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०१८ मध्ये वार्धक्यविषयक आकडेवारीसाठी टिचफिल्ड गट नेमला तो हीच उणीव भरून काढण्यासाठी. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी २०१९ पासून असा नियम केला आहे की मानवी सहभागाच्या संशोधनातून कोणत्याही वयोगटाला वगळायचे असेल तर त्याचे शास्त्रीय वा नैतिक कारण द्यावे लागेल. आपल्या नैतिकता समित्यांना असा नियम उद्याच्या बैठकीत करता येईल. त्याला निधी लागत नाही, नवी पदे लागत नाहीत.

प्रश्न विचारला गेला तरी तो कसा विचारला गेला यावर पुष्कळ काही ठरते. क्षेत्रकार्यासाठी विद्यार्थ्यांबरोबर जात असताना पाहिलेली एक मुलाखत मी पुढे प्रत्येक वर्गात सांगत आले. प्रश्नावलीत दैनंदिन कामांची यादी होती : आंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, उठणे-बसणे, जेवणे. सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये तयार केलेल्या मापनपट्टीतून ही यादी जगभर गेली आहे. विद्यार्थिनीने आजींना विचारले, ‘तुम्हाला स्वतः आंघोळ करता येते का?’ उत्तर दिले ते शेजारी बसलेल्या सुनेने : ‘हो, करतात की त्या.’ विद्यार्थिनीने ‘स्वतंत्रपणे’ या चौकटीत खूण केली आणि ती पुढच्या प्रश्नावर गेली. तेवढ्यात आजी म्हणाल्या, ‘करते, पण कडी लावत नाही. ही बाहेर बसते. मागे एकदा पडले ना मी.’ सून गप्प झाली. आंघोळीला मदत लागत नव्हती हे खरे होते, आणि रोज त्या वेळी एक माणूस दाराबाहेर अडकून पडत होते हेही खरे होते. त्या अर्ध्या तासाला प्रश्नावलीत कुठलीही चौकट नव्हती. त्या सुनेची नोकरीची वेळ, आजींच्या मनातली पडण्याची भीती, दाराला न लागणारी कडी, यांतले काहीच आकड्यांत उतरले नसते, जर आजी आपणहून बोलल्या नसत्या. संशोधक घडवताना आम्हाला नमुना निवड आणि सांख्यिकी शिकवता येते. वृद्ध व्यक्तीशी थेट बोलायचे, तिच्या वतीने दुसऱ्याने दिलेले उत्तर लगेच लिहून घ्यायचे नाही, थांबायचे, हे मात्र फार थोड्या ठिकाणी शिकवले जाते.

या चौकटी फक्त संशोधनापुरत्या राहिल्या असत्या तर मी इतक्या तपशिलात गेले नसते. त्यांच्यावर हक्क ठरतात. जर्मनीने १९९५ मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा सुरू केला, ही त्या काळातली फार महत्त्वाची सामाजिक सुधारणा होती. परंतु शुश्रूषेची गरज कोणाला, याची त्या कायद्यातली व्याख्या मुख्यतः शारीरिक कामांवर आधारलेली होती : अंग धुणे, खाणे, हालचाल आणि घरकाम. स्मृतिभ्रंश झालेला माणूस हातपाय धड असल्याने ही कामे करू शकत असे, मात्र त्याला क्षणभरही एकटे सोडता येत नसे. अशी माणसे आणि त्यांना सांभाळणारी कुटुंबे त्या व्याख्येत नीट बसत नव्हती. मधल्या काळात काही तात्पुरत्या तरतुदी झाल्या, तज्ज्ञ समित्या बसल्या, मोजण्याची नवी पद्धत तयार करून तपासली गेली, आणि २०१७ मध्ये व्याख्याच बदलून तीन स्तरांऐवजी पाच श्रेणी आल्या, ज्यांत आकलन, वर्तन आणि दैनंदिन जीवनाची घडी यांनाही स्थान मिळाले. मूळ व्याख्या आणि तिची दुरुस्ती यांच्यात वीस वर्षांहून अधिक काळ गेला. ज्या कुटुंबांनी तो काळ काढला त्यांच्यासाठी ही शैक्षणिक चर्चा नव्हती. व्याख्या करण्यापूर्वीच स्मृतिभ्रंशाचे अभ्यासक, परिचारिका आणि घरी सांभाळणारे लोक एका टेबलाशी बसले असते तर हा काळ किती कमी झाला असता, हा प्रश्न प्रत्येक विद्यापीठाने स्वतःला विचारावा.

घरी सांभाळणारे, असे मी म्हटले खरे, पण जगभर या जागी बहुतांशी स्त्रियाच असतात. नोकरीतली वर्षे मोजून निवृत्तिवेतन द्यायचे आणि सांभाळण्यात गेलेली वर्षे शून्य धरायची, या हिशेबामुळे स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक जगतात आणि कमी पैशांत जगतात. हे अटळ नाही. जर्मनीत मुलांच्या संगोपनाची वर्षे १९८६ पासून निवृत्तिवेतनात धरली जातात, आणि घरी शुश्रूषा करणाऱ्यांसाठी शुश्रूषा विम्यातून निवृत्तिवेतनाची वर्गणीही भरली जाते. जपानने २००० मध्ये दीर्घकालीन शुश्रूषा विमा लागू केला त्यामागे, सासू-सासऱ्यांची सेवा हे सुनेचेच काम आहे ही धारणा मोडू पाहणाऱ्या स्त्रियांच्या संघटनांचा मोठा वाटा होता. स्त्री अभ्यास केंद्रांनी वार्धक्याकडे आजवर जितके लक्ष दिले त्यापेक्षा पुष्कळ अधिक देण्याची गरज आहे, आणि वार्धक्याच्या अभ्यासकांनी स्त्रियांकडे. दोन्ही विभाग एकाच इमारतीत असूनही एकमेकांच्या प्रबंधांची दखल न घेणारे असू शकतात.

‘विद्यार्थीच येत नाहीत, मग विषय चालवायचा कसा?’ हा प्रश्न बैठकीत हमखास येतो. विद्यार्थी येत नाहीत कारण त्यांना पुढे काम दिसत नाही, आणि काम दिसत नाही कारण धोरणाने ते निर्माण केलेले नाही. जपानच्या कायद्याने शुश्रूषेचा आराखडा आखून देणाऱ्या व्यवस्थापकाचे पदच नव्याने उभे केले आणि त्यासाठी परीक्षा आणि प्रशिक्षण ठरवले, त्यामुळे शिकायला माणसे आली. विद्यापीठांनी धोरणाची वाट पाहायची आणि धोरणकर्त्यांनी प्रशिक्षित मनुष्यबळाची, असे चालू राहिले तर दोघेही थांबून राहतील. शिवाय सर्वच विद्यार्थ्यांनी वार्धक्यतज्ज्ञ व्हावे अशी माझी अपेक्षा नाही. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्याला जिन्याच्या पायरीची उंची आणि कठड्याची पकड वृद्ध हातांच्या दृष्टीने शिकवावी. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने सरकारी सेवेचे ॲप तयार करताना ते मोतीबिंदू असलेल्या, कापऱ्या बोटांच्या माणसाकडून वापरून घ्यावे, आणि बोटांचे ठसे पुसट झाल्यावर ओळख पटवायची कशी याचे उत्तर आधीच शोधावे. विधी शाखेच्या विद्यार्थ्याला पालकत्व, संपत्तीवरून होणारी दडपणे आणि निर्णयक्षमता यांचा कायदा शिकवावा, विशेषतः आता, जेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने एप्रिल २०२५ मध्ये ज्येष्ठांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा मसुदा करण्यासाठी गट नेमण्याचा ठराव केला आहे. त्या वाटाघाटींना जाणारे वकील कुठल्या तरी विद्यापीठातूनच बाहेर पडतील. प्रत्येक शाखेत दोन-तीन श्रेयांकांचा सक्तीचा घटक पुरेसा आहे, पण तो त्या शाखेच्या भाषेत आणि त्या शाखेच्या कामाशी जोडलेला हवा. सर्वांना एकच सरसकट पुस्तिका वाटून काही साधणार नाही.

वैद्यक आणि परिचर्येच्या शिक्षणाबद्दल एक वेगळी गोष्ट नोंदवते. या विद्यार्थ्यांना वृद्ध माणसे भेटतात ती केवळ रुग्णालयात, तीही सर्वांत वाईट अवस्थेत. पाच वर्षे असे पाहिल्यावर वार्धक्य म्हणजे आजार हे समीकरण मनात पक्के झाले तर विद्यार्थ्याला दोष देता येणार नाही. वयावरून होणाऱ्या भेदभावाला रॉबर्ट बटलर यांनी १९६९ मध्ये नाव दिले. हेच बटलर पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेचे पहिले संचालक झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात दर दोन माणसांमागे एकाच्या मनात वृद्धांविषयी असे पूर्वग्रह आहेत. त्याचे परिणाम शरीरापर्यंत पोहोचतात. बेका लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायोतील एका दीर्घकालीन अभ्यासाच्या आधारे २००२ मध्ये दाखवले की आपल्या वाढत्या वयाकडे सकारात्मक दृष्टीने पाहणारे लोक तसे न पाहणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे अधिक जगले. असे अभ्यास कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध करत नाहीत हे मी जाणते, तरीही डॉक्टरने ‘आता वय झाले’ म्हणून तपासणी टाळणे किती महाग पडते याची जाणीव त्यांतून होते. पहिल्याच वर्षी प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याची एका निरोगी वृद्ध व्यक्तीशी जोडी लावून द्यावी आणि शिक्षण संपेपर्यंत तिला नियमित भेटायला सांगावे, अशी माझी सूचना आहे. काही वैद्यकीय महाविद्यालयांनी असे उपक्रम केले आहेत आणि त्यांना फारसा खर्च येत नाही.

संशोधनाच्या निधीविषयी मला थोडे कठोर बोलावे लागेल. वार्धक्य ही वर्षानुवर्षे घडत जाणारी गोष्ट आहे, आणि आपण ती समजून घेऊ पाहतो तीन वर्षांच्या प्रकल्पांतून. एकाच वेळी केलेल्या पाहणीत ऐंशीची माणसे साठीच्या माणसांपेक्षा कमी शिकलेली आढळली, तर ती वयामुळे शिक्षण विसरली असे कोणी म्हणणार नाही, कारण त्यांचा काळच वेगळा होता हे उघड आहे. पण स्मरणशक्ती, बचत, एकटेपणा यांच्याबाबत हीच गल्लत सर्रास होते. ती टाळायची तर त्याच माणसांना पुन्हा पुन्हा भेटावे लागते. मिशिगन विद्यापीठाने १९९२ मध्ये पन्नाशीपुढच्या लोकांचा असा अभ्यास सुरू केला, तो आजही चालू आहे. इंग्लंडमध्ये तसा अभ्यास २००२ मध्ये आणि युरोपातल्या अनेक देशांत मिळून २००४ मध्ये सुरू झाला. भारतात त्याच धर्तीच्या अभ्यासाची पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली आणि तीत बहात्तर हजारांहून अधिक लोकांचा समावेश होता. या सर्व अभ्यासांची माहिती इतर संशोधकांना खुली आहे, आणि प्रश्नही तुलना करता येतील असे ठेवलेले आहेत. हा साठा आपल्या विद्यार्थ्यांपुढे तयार असताना दरवर्षी शंभर-दीडशे नमुन्यांचे, पुन्हा कधीच न वापरले जाणारे नवे सर्वेक्षण करून प्रबंध लिहिण्याची पद्धत आपण सोडून का देत नाही? आणि ज्या प्राध्यापकांनी दहा वर्षे एकाच गटाचा पाठपुरावा केला त्यांची पदोन्नती वर्षाला किती शोधनिबंध छापले यावर अडवू नये, एवढा बदल निवडीच्या नियमांत करणे विद्यापीठाच्याच हातात आहे.

संशोधनाचे निष्कर्ष धोरणापर्यंत का पोहोचत नाहीत, याची कारणे पुष्कळ आहेत, पण एक अगदी साधे आहे : ते ज्या भाषेत आणि ज्या ठिकाणी छापले जातात तिथे धोरण राबवणारा अधिकारी कधी फिरकत नाही. प्रत्येक प्रबंधाबरोबर चार पानांचे टिपण लोकांच्या भाषेत सक्तीचे करावे. त्यात कोणता नियम, कोणता अर्ज, कोणती अट बदलावी हे नेमके लिहिलेले असावे. ‘शासनाने लक्ष द्यावे’ या वाक्याने संपणाऱ्या शिफारशींचा उपयोग मला तरी आजवर दिसला नाही.

शेवटची बाब सहभागाची. तुलूझ विद्यापीठात पिएर व्हेलास यांनी १९७३ मध्ये तिसऱ्या वयाचे विद्यापीठ सुरू केले, तेव्हा ज्येष्ठांना विद्यापीठाच्या दारातून आत घेतले गेले. केंब्रिजमध्ये १९८१ मध्ये पीटर लॅस्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती कल्पना बदलली आणि ज्येष्ठांनी एकमेकांना शिकवावे असा प्रघात पाडला. डब्लिन सिटी विद्यापीठाने २०१२ मध्ये वयस्नेही विद्यापीठाची दहा तत्त्वे मांडली, आणि आज अनेक देशांतली विद्यापीठे त्या जाळ्यात आहेत. हे सर्व स्वागतार्ह आहे. पण योगवर्ग आणि सहली आयोजित करून, छायाचित्रे काढून हा सहभाग संपत असेल तर तो अपुरा आहे. ज्येष्ठांना अभ्यास मंडळावर मत असलेले सदस्य म्हणून घ्यावे, प्रश्नावली तयार होताना ती त्यांच्यासमोर वाचावी, आणि निष्कर्ष छापण्यापूर्वी त्यांना ऐकवावेत. यात केवळ सेवानिवृत्त अधिकारी आणि प्राध्यापक नकोत. माझ्यासारख्यांना बोलायला जागा मिळते, मोलकरीण म्हणून आयुष्य काढलेल्या, निवृत्तिवेतन नसलेल्या स्त्रीला ती मिळत नाही, आणि धोरणाची गरज तिला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. तिच्या वेळेचे मानधन देण्याची तरतूद प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात असावी.

आगामी विद्या परिषदेच्या बैठकीत पुढील दोन ठराव मांडावेत, अशी माझी विनंती आहे. प्रत्येक अभ्यास मंडळाने आपल्या शाखेतील वार्धक्यविषयक सक्तीच्या घटकाचा मसुदा सहा महिन्यांत सादर करावा, आणि नैतिकता समितीने वयाची वरची मर्यादा असलेला कोणताही संशोधन प्रस्ताव कारणाशिवाय मंजूर करू नये. मसुदे तयार करण्याच्या कामात मी आणि माझे निवृत्त सहकारी विनामूल्य वेळ द्यायला तयार आहोत. ठराव नामंजूर झाल्यास त्याची कारणे इतिवृत्तात नोंदवून जाहीर करावीत, म्हणजे त्यांचे उत्तर देता येईल.

कळावे,

आपली विश्वासू,
सामाजिक धोरण विषयाची एक निवृत्त प्राध्यापिका